देणगीदारांचा नकाशा : ध्रुवप्रदेशातील बेटांना आणि शिखरांना नावे कशी पडली

देवळाच्या पायरीवर, शाळेच्या व्हरांड्यात, बागेतल्या बाकावर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' किंवा 'तमुक यांजकडून सप्रेम भेट' अशी पाटी पाहण्याची आपल्याला सवय आहे. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना अशाच पाट्या लागल्या आहेत. फरक इतकाच, की तिथे पाटी बाकावर नाही, अख्ख्या बेटावर आहे.

कॅनडाच्या नकाशात अगदी वर, ७८ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात तीन मोठी बेटे शेजारी-शेजारी दिसतात : आक्सेल हायबर्ग, आमुंड रिंगनेस आणि एलेफ रिंगनेस. यांपैकी एकावरही कायमची मनुष्यवस्ती नाही. ही नावे कोणा राजांची, संतांची वा दर्यावर्द्यांची असावीत असे वाटते. प्रत्यक्षात आमुंड आणि एलेफ हे नॉर्वेच्या राजधानीत बिअरचा कारखाना चालवणारे दोघे भाऊ होते आणि आक्सेल हायबर्ग हा त्यांच्या व्यवसायाला भांडवल पुरवणारा धनिक. तिघांपैकी कोणीही या बेटांवर पाऊल ठेवले नाही.

असे का घडले, हे समजायला मोहिमेचा जमाखर्च पाहावा लागतो. ध्रुवाकडे निघालेल्या जहाजाला तीन-चार वर्षांची रसद, कोळसा, कुत्री, खलाशांचे पगार आणि बर्फाचा दाब सोसणारा सांगाडा हे सारे आधी विकत घ्यावे लागे. परतताना मात्र ते मसाले वा रेशीम घेऊन येत नसे. पैसे देणाऱ्याला परत काय द्यायचे? जी भूमी प्रथम दिसेल तिला नाव देण्याचा अधिकार प्रथेने मोहिमेच्या प्रमुखाकडे असे. त्याच्या हाती तेवढेच एक नाणे होते. ते पाडायला सोने लागत नसल्यामुळे खोटे नाणे पाडण्याचा मोहही मोठा होता.

या व्यवहाराचे एक जुने आणि आपल्याला जवळचे उदाहरण १६१६ सालचे आहे. कप्तान रॉबर्ट बायलॉट आणि त्याचा मार्गदर्शक विल्यम बाफिन हे 'डिस्कव्हरी' नावाचे छोटे जहाज घेऊन ग्रीनलंडच्या पश्चिमेच्या समुद्रात शिरले. अमेरिकेच्या डोक्यावरून चीन-हिंदुस्थानाकडे जाणारा जलमार्ग त्यांना शोधायचा होता. मार्ग सापडला नाही. पण तीन मोठे जलप्रवेश दिसले आणि त्यांना नावे मिळाली : स्मिथ, जोन्स आणि लँकेस्टर. तिघेही मोहिमेचे आश्रयदाते होते. त्यांतला सर टॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर आणि सर जेम्स लँकेस्टर हा १६०१ साली कंपनीचा पहिला तांडा पूर्वेकडे नेणारा सेनानी. सुरतेच्या वखारीशी ज्यांचा संबंध आपण इतिहासात वाचतो, त्याच व्यापारी वर्तुळातील माणसांची नावे उत्तर ध्रुवाजवळच्या पाण्यावर उमटली आहेत, कारण दोन्हींमागचा हेतू एकच होता : पूर्वेच्या व्यापाराचा स्वस्त रस्ता.

बाफिनचे पुढे काय झाले, हेही सांगण्याजोगे आहे. तो कंपनीच्या नोकरीत शिरला, १६१७ साली निघालेल्या सफरीत सुरतेपर्यंत आला, तांबड्या समुद्राचे आणि इराणी आखाताचे नकाशे त्याने काढले. जानेवारी १६२२ मध्ये इंग्रजांनी आणि इराण्यांनी मिळून केश्म बेटावरील पोर्तुगीज किल्ल्याला वेढा घातला असता, उपकरणे घेऊन तटाची उंची व अंतर मोजायला तो पुढे सरसावला आणि गोळी लागून तिथेच पडला. नंतर दोनशे वर्षे त्याच्या ध्रुवीय शोधावर लोकांचा विश्वासच उरला नाही. काही नकाशांतून त्याचा उपसागर वगळलाही गेला.

बाफिन खरे बोलत होता, हे १८१८ साली सिद्ध केले कप्तान जॉन रॉस याने. आणि त्याच सफरीत रॉसने स्वतः एक अशी चूक केली की ती त्याला जन्मभर पुरली.

ऑगस्टच्या अखेरीस रॉसची 'इझाबेला' आणि 'अलेक्झांडर' ही दोन जहाजे लँकेस्टर साउंडमध्ये शिरली. रुंद, खोल, बर्फमुक्त पाणी पश्चिमेकडे पसरलेले. हाच तो मार्ग, अशी आशा सर्वांच्या मनात जागी झाली. ३१ ऑगस्टच्या दुपारी धुके क्षणभर विरले आणि रॉसला समोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पर्वतांची रांग दिसली. वाट बंद. त्याने त्या रांगेला 'क्रोकर पर्वत' असे नाव दिले आणि जहाजे माघारी वळवली. जॉन विल्सन क्रोकर हा ब्रिटिश नौदल खात्याचा प्रथम सचिव होता. खात्यातल्या मोठ्या साहेबाला पर्वतरांग अर्पण करणे ही शिष्टाचाराचीच गोष्ट होती.

अडचण अशी, की रॉसच्या बरोबरच्या अधिकाऱ्यांना तो पर्वत दिसलाच नव्हता. 'अलेक्झांडर'चा कप्तान विल्यम एडवर्ड पॅरी तर माघारीचा हुकूम पाहून चकित झाला. पुढच्याच वर्षी खात्याने पॅरीला 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही जहाजे देऊन त्याच पाण्यात धाडले. ऑगस्ट १८१९ मध्ये पॅरीची जहाजे शिडे फुगवून क्रोकर पर्वताच्या जागेवरून आरपार निघून गेली. पर्वत नव्हताच. थंड पाण्यालगतची हवा गार आणि तिच्यावरचा थर तुलनेने उबदार असला की प्रकाशाचे किरण वाकतात आणि क्षितिजावरचा बर्फ वा ढग उंच कड्यांसारखा भासतो. वाळवंटातल्या मृगजळाचाच हा उलटा भाऊ.

पॅरी मोठा व्यवहारी. साहेबांचा पर्वत तर आपण पुसला, पण साहेब जागेवरच होते! म्हणून त्याने त्याच साउंडच्या उत्तर किनाऱ्यावरील एका उपसागराला क्रोकरचे नाव देऊन टाकले. तो उपसागर मात्र खरा आहे आणि आजही नकाशावर आहे.

रॉसची लंडनमध्ये छी-थू झाली. नौदलाने त्याला पुन्हा कधीही ध्रुवीय मोहिमेचे नेतृत्व दिले नाही. दहा वर्षे त्याने हा डाग सोसला आणि मग खाजगी पैशाच्या शोधात तो निघाला. त्याला भेटला फीलिक्स बूथ, लंडनचा जिन गाळणारा श्रीमंत कारखानदार. बूथ मदतीला तयार होता, पण एक गोष्ट त्याला खटकत होती. वायव्य मार्ग शोधणाऱ्यास संसदेने २० हजार पौंडांचे बक्षीस लावलेले होते. आपण बक्षिसाच्या लोभाने पैसे घातले असे कोणी म्हणू नये, म्हणून तो थांबला. १८२८ साली ते बक्षीस रद्द झाले आणि बूथने सतरा-अठरा हजार पौंड मोजले. देणगीदारांच्या या यादीत इतका मानी माणूस दुसरा सापडणे कठीण.

रॉसने उपकार फेडले. १८२९ मध्ये 'व्हिक्टरी' हे वाफेचे जहाज घेऊन तो निघाला आणि पुढे जे द्वीपकल्प त्याला लागले त्याचे नाव त्याने ठेवले 'बूथिया फीलिक्स'. जहाज ज्या बंदरात गोठून अडकले त्याचे नाव फीलिक्स हार्बर, पूर्वेच्या पाण्याचे नाव बूथियाचे आखात. अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीचे सर्वांत उत्तरेकडील टोक आज ज्या द्वीपकल्पावर आहे, ते असे एका मद्यविक्रेत्याच्या नावाने ओळखले जाते. १ जून १८३१ रोजी याच भूमीच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉसचा पुतण्या जेम्स क्लार्क रॉस याला चुंबकीय उत्तर ध्रुव सापडला.

ती भूमी निनावी मात्र नव्हती. फीलिक्स हार्बरच्या जवळच नेत्सिलिक इनुइट लोकांची वस्ती होती. त्यांच्यातील तुलुआहिउ नावाच्या, एक पाय गमावलेल्या माणसाला रॉसच्या सुताराने लाकडी पाय करून दिला. इक्मालिक नावाच्या दुसऱ्याने रॉसच्या केबिनमध्ये बसून कागदावर पुढचा किनारा काढून दाखवला. कुठे उपसागर आहे, कुठे वाट बंद होते, हे त्याला घरच्या अंगणासारखे ठाऊक होते. रॉसने ती माहिती घेतली आणि तिच्यावर लंडनची नावे लिहिली.

चार हिवाळे बर्फात काढल्यावर रॉसची माणसे होड्यांतून निघाली. ऑगस्ट १८३३ मध्ये लँकेस्टर साउंडच्या तोंडाशी एका देवमासे पकडणाऱ्या जहाजाने त्यांना उचलले. त्या जहाजाचे नाव 'इझाबेला'. तेच, ज्यावरून पंधरा वर्षांपूर्वी रॉसने तो नसलेला पर्वत पाहिला होता. जहाजावरच्या अधिकाऱ्याने त्याला सांगितले की हे पूर्वी कप्तान रॉसचे जहाज होते, पण तो बिचारा दोन वर्षांपूर्वीच वारला. तो कप्तान रॉस समोर उभा आहे, हे पटवून द्यायला त्याला थोडा वेळ लागला.

सर्वच नावे पैशांची नव्हती. जेम्स क्लार्क रॉस पुढे अंटार्क्टिकाला गेला आणि जानेवारी १८४१ मध्ये धूर ओकणारा ज्वालामुखी दिसल्यावर त्याने त्याला आपल्या जहाजाचे नाव दिले : एरेबस. शेजारच्या शिखराला दुसऱ्या जहाजाचे : टेरर. ती दोन्ही जहाजे पुढे फ्रँकलिनबरोबर उत्तरेत नाहीशी झाली. त्यांचे अवशेष २०१४ आणि २०१६ मध्ये सापडले. त्याआधी एकच वर्ष, १८४० साली, फ्रेंच कप्तान द्युमाँ द्युर्व्हिल याने आपल्या सापडलेल्या किनाऱ्याला पत्नी आदेलचे नाव दिले. तिथल्या पेंग्विनांनाही तेच नाव चिकटले. वर्षानुवर्षे घरी एकटी राहिलेल्या बाईला परतफेड म्हणून बर्फाचा किनारा पुरेसा आहे काय, हा प्रश्न वेगळा.

बिअरवाल्यांकडे परत यायला हवे. ऑटो स्वेर्ड्रुप हा नॉर्वेचा दर्यावर्दी १८९८ ते १९०२ अशी चार वर्षे 'फ्राम' जहाजासह कॅनडाच्या उत्तरेस राहिला. कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून त्याने प्रचंड प्रदेशाचा नकाशा केला. त्याच्या मोहिमेचा भार हायबर्ग आणि रिंगनेस बंधूंनी उचलला होता. म्हणून ती तीन नावे. स्वेर्ड्रुपने ही भूमी नॉर्वेच्या राजाच्या नावे घोषित केली, पण नॉर्वे सरकारला त्यात रस नव्हता. १९३० साली नॉर्वेने कॅनडाचे स्वामित्व मान्य केले आणि कॅनडाने स्वेर्ड्रुपला नकाशे व नोंदवह्यांपोटी ६७ हजार डॉलर दिले. त्याच वर्षी तो वारला. बेटे कॅनडाची झाली. पाट्या नॉर्वेच्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकत-सरकत चुंबकीय ध्रुव एलेफ रिंगनेस बेटापाशी पोहोचला होता. म्हणजे जिनवाल्याच्या भूमीत सापडलेला ध्रुव बिअरवाल्याच्या बेटावर आला!

हायबर्गचे नाव दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरही आहे. रोआल्ड आमुंडसेन १९११ साली ज्या हिमनदीवरून पठारावर चढला, तिला त्याने आक्सेल हायबर्ग हिमनदी म्हटले. स्कॉटचा चमू ज्या दुसऱ्या हिमनदीने गेला तिचे नाव बिअर्डमोर. हे नाव शॅकल्टनने १९०८ मध्ये दिले होते, आपल्या कर्जाला हमी देणाऱ्या ग्लासगोच्या पोलाद व जहाजबांधणी कारखानदारावरून. दक्षिण ध्रुवावर माणूस प्रथम पोहोचला तो दोन जिन्यांनी, आणि दोन्ही जिन्यांवर उद्योगपतींची पाटी होती. बिअर्डमोरच्या पायथ्याशी १७ फेब्रुवारी १९१२ रोजी स्कॉटचा सोबती एडगर एव्हान्स मरण पावला.

आता त्या खोट्या नाण्याची गोष्ट. अमेरिकन नौदलाचा अधिकारी रॉबर्ट पीअरी १९०५-०६ च्या मोहिमेत उत्तर ध्रुव गाठू शकला नाही. परतीच्या वाटेवर जून १९०६ मध्ये तो आक्सेल हायबर्ग बेटाच्या उत्तर टोकाशी उभा राहिला. त्या भूशिरालाही त्याने आपल्या पाठीराख्या मंडळातील टॉमस हबर्ड याचे नाव दिले. पुढच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात त्याने लिहिले की तिथून वायव्येस, समुद्रापलीकडे, एका दूरच्या भूमीची हिमाच्छादित शिखरे दुर्बिणीतून दिसली. तिचे नाव 'क्रॉकर भूमी'. सॅन फ्रान्सिस्कोच्या रेल्वे आणि बँक व्यवसायातील घराण्यातला जॉर्ज क्रॉकर याने मोहिमेला ५० हजार डॉलर दिले होते. पीअरीच्या त्या दिवसांच्या रोजनिशीत मात्र अशा भूमीचा उल्लेख नाही.

एक क्रोकर १८१८ सालचा, दुसरा १९०६ सालचा. दोघांचा परस्परांशी संबंध नाही. उच्चार जवळजवळ एक, आणि दोघांच्याही नावाची भूमी हवेतली. रॉसला भास झाला होता, यावर सहसा कोणी वाद घालत नाही. पीअरीच्या बाबतीत मात्र रोजनिशीचे मौन बोलके आहे. दोन वर्षांनी त्याचा प्रतिस्पर्धी फ्रेडरिक कुक यानेही 'ब्रॅडली भूमी' पाहिल्याचे सांगितले. जॉन ब्रॅडली हा जुगारगृहांचा मालक त्याचा आश्रयदाता. तीही भूमी कोणाला सापडली नाही.

क्रॉकर भूमी शोधायला १९१३ मध्ये अमेरिकेतून एक मोहीम निघाली. न्यूयॉर्कच्या प्राकृतिक इतिहास संग्रहालयाचा तिला पाठिंबा होता, प्रमुख होता पीअरीचा जुना सहकारी डॉनल्ड मॅकमिलन. जॉर्ज क्रॉकर १९०९ सालीच वारला होता. उत्तर ग्रीनलंडमधील इटाह येथे तळ पडला. एप्रिल १९१४ मध्ये मॅकमिलन, तरुण नौदल अधिकारी फिट्झह्यू ग्रीन आणि पिउगात्तोक व इत्तुकुसुक हे दोघे इनुइट सोबती गोठलेल्या समुद्रावर उतरले. एका स्वच्छ सकाळी त्यांना ती दिसली : टेकड्या, दऱ्या, बर्फाची शिखरे, क्षितिजाच्या तृतीयांशाइतकी पसरलेली. मॅकमिलनने पिउगात्तोकला विचारले, कोणत्या दिशेने जावे? तो काही क्षण पाहत राहिला आणि शांतपणे म्हणाला की हे 'पूजोक' आहे. पूजोक म्हणजे धुके.

पिउगात्तोक वीसेक वर्षे वयाचा पोरगा नव्हता. पीअरीबरोबर बर्फावर हिंडलेला अनुभवी माणूस होता तो. तरीही चालणे पुढे सुरू राहिले. दिवस जसा फिरे तशी भूमी जागा बदले, सूर्य खाली गेला की विरघळे. सुमारे दोनशे किलोमीटर समुद्र ओलांडल्यावर, पायाखालचा बर्फ फुटू लागला असता, मॅकमिलनने माघार घेतली. नावाच्या जागी नुसते बर्फाचे मैदान होते.

किनाऱ्यावर परतल्यावर मॅकमिलनने ग्रीन आणि पिउगात्तोक यांना बेटाचा पश्चिम किनारा पाहायला धाडले. वादळ आले. ग्रीनची कुत्री बर्फाखाली गाडली जाऊन मेली. गाडी एकच उरली, पिउगात्तोकची. वादळात थांबून राहणे म्हणजे मरण, हे जाणून तो वेगाने चालत होता. मागे पडलेल्या ग्रीनला भय वाटले की हा आपल्याला सोडून जाणार. त्याने गाडीवरची बंदूक उचलली आणि पिउगात्तोकवर गोळ्या झाडून त्याला ठार केले. हे ग्रीनने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे आणि मॅकमिलनला तोंडी सांगितलेही. इटाहच्या इनुइटांना मात्र पिउगात्तोक वादळात मेला असे कळवण्यात आले. ग्रीनवर खटला झाला नाही. मोहिमेतील शेवटची माणसे १९१७ साली घरी पोहोचली.

नसलेल्या भूमीला दिलेल्या एका नावाची ही किंमत. ती देणगीदाराने भरली नाही, नाव ठेवणाऱ्यानेही नाही. जो पहिल्या नजरेत धुक्याला धुके म्हणाला, त्याने भरली.

यानंतर श्रीमंतांची जागा हळूहळू सरकारी तिजोरीने घेतली आणि नावांनीही तेच वळण घेतले. अंटार्क्टिकाचे सर्वोच्च शिखर, ४८९२ मीटरचे व्हिन्सन, हे अमेरिकन काँग्रेसमधील कार्ल व्हिन्सन यांच्या नावाने आहे. या प्रदेशाच्या संशोधनासाठी निधी मिळवून देणारे ते राजकारणी. पुढे समित्या आल्या, नियम आले आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या वाट्यालाही काही डोंगर आले. बिहारमधून अमेरिकेत गेलेले जीवशास्त्रज्ञ अखौरी सिन्हा यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी तरंगत्या बर्फातील सील, देवमासे आणि पक्षी मोजले. मेरी बर्ड भूमीतील एका पर्वताला त्यांचे नाव आहे. भारताने 'मैत्री' तळाशेजारच्या तळ्याला 'प्रियदर्शिनी' म्हटले, ते या रिवाजाला धरूनच.

उत्तरेत मात्र जुनी नावे परत येत आहेत. १८५२ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या अध्यक्षावरून ज्याला 'एल्समिअर' म्हटले गेले, ते बेट इनुइटांसाठी 'उमिंग्माक नुना', कस्तुरी-बैलांचा देश आहे. बाफिन बेटावरील फ्रोबिशर बे या गावाने १९८७ साली इकालुइत हे नाव घेतले. अर्थ, पुष्कळ माशांची जागा. आज ती नुनावुत प्रदेशाची राजधानी आहे.

ज्या उपसागराच्या काठी हे गाव वसले आहे, त्याचे नाव नकाशावर अजून फ्रोबिशरचेच. १५७६ ते १५७८ या तीन वर्षांत मार्टिन फ्रोबिशर इथे तीनदा आला आणि सोने समजून हजारांहून अधिक टन काळा दगड इंग्लंडला घेऊन गेला. दगड निरुपयोगी निघाला. त्यातला बराचसा डार्टफर्ड गावातील भिंती बांधायला वापरला गेला. या उद्योगाला पैसा उभा करणारा लंडनचा व्यापारी मायकेल लॉक कर्जात बुडून तुरुंगात गेला. उपसागराच्या तोंडाशी एक निर्जन खडकाळ बेट आहे. त्याला लॉक्स लँड म्हणतात.